बँक परीक्षेच्या इंग्रजीत अडकतेय: शब्द, व्याकरण, उतारे यांचा सराव नेमका कसा करावा? (इंदूर)

अबोली | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. सुदामानगरात राहते, बी.कॉम. झालंय, वय २३. शाळा हिंदी माध्यमाची, घरात मराठी. दोन वर्षं बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेची तयारी करतेय. यंदा प्रिलिम्सला, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला, गणित आणि रिझनिंग दोन्हीत कटऑफच्या वर होते, इंग्रजीत खाली राहिले आणि सगळंच गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पेपर १०० प्रश्नांचा, एक तासाचा. त्यात इंग्रजीचे ३० प्रश्न, त्यांना २० मिनिटं वेगळी. ती संपली की तो भाग बंद. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, आणि प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागतं. बाकीचे दोन भाग हिंदीत सोडवता येतात, हा नाही.

परीक्षेआधीच्या शेवटच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, मी २२ प्रश्न सोडवले. ११ बरोबर, ११ चूक. ११ मधून पावणेतीन गेले, हातात ८.२५. खऱ्या पेपरातही असंच काहीसं झालं असणार.

भंवरकुआकडच्या एका कोचिंगला सहा महिने गेले. तिथे रोज ५० शब्दांची यादी द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी म्हणवून घ्यायचे. दोन रजिस्टरं भरली. आता शब्द समोर आला की पाहिलेला वाटतो, अर्थ मात्र येत नाही. व्याकरणाचे नियम पाठ आहेत, तरी चुका होतात. उतारा दोनदा वाचल्याशिवाय कळत नाही आणि दोनदा वाचायला वेळ नसतो. बाबा म्हणतात, गणित एवढं चांगलं आहे तर हेही जमेल. मला मात्र कुठून सुरू करायचं तेच कळत नाहीये. कोणी मार्ग दाखवाल का?

पाटनीपुऱ्याचा | सोमवार, रात्री ९.४५

ताई, मी एसएससी सीजीएलवाला, म्हणजे केंद्र सरकारच्या कार्यालयांतल्या नोकऱ्यांची परीक्षा देणारा. आमच्याकडे पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न असतात आणि दुसऱ्यात ४५ प्रश्न, १३५ गुण. तिथे एक चूक म्हणजे एक गुण वजा. म्हणजे इंग्रजी कच्चं ठेवून चालतच नाही. आमच्यात समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार, अनेक शब्दांसाठी एक शब्द, स्पेलिंग हे भरपूर येतं आणि जुन्या पेपरांतले शब्द फिरून फिरून येतात, म्हणून मला याद्यांचा फायदा झाला. बँकेत सुटा शब्द कमी विचारतात, वाक्यात किंवा उताऱ्यात घालून विचारतात. तिथे नुसती यादी उपयोगी पडणार नाही. तुझ्या कोचिंगने एसएससीचं औषध बँकेला दिलं असं वाटतंय.

रामबागकर | सोमवार, रात्री १०.२०

अबोली, मी ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. तुझी पोस्ट दोनदा वाचली. किती अभ्यास केला, किती गुण आले, ते सगळं लिहिलंस. पण चुकलं काय, ते एकही वाक्य लिहिलं नाहीस. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" एवढंच सांगितलं तर तो तरी काय देणार?

त्या मॉकचा पेपर असेल ना? उघड आणि चुकलेली वाक्यं इथे टाक. योग्य उत्तर काय होतं ते नको. तुला कुठलं बरोबर वाटलं आणि का वाटलं, ते लिही.

अबोली | मंगळवार, दुपारी ३.३०

सर, पेपर काढला. पाच वाक्यं चूक शोधण्याच्या प्रश्नांतली आहेत, ती लिहिते.

"अन्टिल ही डज नॉट कम, आय विल वेट हिअर." यात मला काहीच चूक दिसली नाही. "ऑल्दो शी वॉज इल, बट शी वेन्ट टू वर्क." इथेही नो एरर केलं. "ही इज वर्किंग इन धिस बँक सिन्स २०१९." मला वाटलं सिन्स चुकलाय, फॉर पाहिजे. "द क्वालिटी ऑफ द मँगोज सोल्ड इन दीज शॉप्स आर पुअर." मँगोज अनेकवचनी आहे म्हणून आर बरोबर धरलं. आणि "दे डिस्कस्ड अबाउट द प्लॅन." हे तर आम्ही रोज असंच बोलतो.

बाकीच्यांत चार उताऱ्यातले, दोन रिकाम्या जागा. एका रिकाम्या जागेत सुपीरिअरनंतर दॅन भरलं, तिथे टू होतं.

रामबागकर | मंगळवार, सायंकाळी ६.१५

छान. आता रोगाचं नाव सांगता येईल. ही वाक्यं मनातल्या मनात नको, मोठ्याने मराठीत म्हण.

"तो येत नाही तोपर्यंत मी इथे थांबेन." ऐकलंस? तो "नाही" मराठीचा आहे. आपल्याकडे "तोपर्यंत" म्हणायचं तर आधी "येत नाही" लागतं. हिंदीतही तेच, "जब तक वो नहीं आता". इंग्रजीत अन्टिल म्हणजे ती गोष्ट घडेल त्या क्षणापर्यंत. तिथे नकाराला जागाच नाही: अन्टिल ही कम्स. अनलेसची गोष्ट याच घरातली, फक्त त्याच्या पोटात नकार आधीच बसलेला आहे, म्हणून त्याच्यामागे पुन्हा नॉट घालायचा नाही.

"जरी ती आजारी होती, तरी ती कामावर गेली." जरी आला की तरी येणारच, नाहीतर मराठी वाक्य लंगडं वाटतं. आपली भाषा जोडीने चालते: जरी-तरी, जर-तर, जसा-तसा, ज्याअर्थी-त्याअर्थी. इंग्रजी बहुतेक ठिकाणी एकाच शब्दावर भागवतं. ऑल्दो घेतला की बट नको, बट घेतला की ऑल्दो नको. ॲज घेतला की सो नको. तुझ्या कानाला बट खटकला नाही, कारण तुझ्या कानात तरी वाजत होता.

"तो २०१९ पासून या बँकेत काम करतोय." मराठीत साधा चालू वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला मात्र मागे सुरू होऊन आजवर चालत आलेलं दाखवायला वेगळा काळ लागतो: हॅज बीन वर्किंग. तू सिन्सवर बोट ठेवलंस, चूक त्याच्या आधीच्या इजमध्ये होती. सिन्स आणि फॉरचा घोळही "पासून"मुळेच होतो. "सोमवारपासून" आणि "दोन वर्षांपासून" आपण एकाच प्रत्ययात बसवतो. इंग्रजीत सोमवार हा सुरुवातीचा बिंदू आहे, त्याला सिन्स. दोन वर्षं ही लांबी आहे, तिला फॉर.

"त्यांनी योजनेविषयी चर्चा केली." विषयी म्हणून अबाउट आला. इंग्रजीत डिस्कसला थेट कर्म लागतं.

पण चौथं वाक्य बघ, तिथे उलटं आहे. "या दुकानांत मिळणाऱ्या आंब्यांची प्रत खराब आहे." यात शेवटी "आहेत" घालून बघ. जीभ वळणारच नाही! म्हणजे कर्ता कोण हे तुला पक्कं ठाऊक आहे. मराठीत "प्रत" क्रियापदाच्या जवळ येऊन बसते, आंबे आणि दुकानं तिच्या आधी संपतात. इंग्रजीत क्वालिटी सुरुवातीला येते, मग आंबे, मग दुकानं, आणि क्रियापद लांब जाऊन पडतं. आपण सवयीने शेजारच्याकडे बघतो आणि आर लावतो.

तुझ्या पाच चुकांपैकी चार मराठीतून आल्या आणि पाचवी मराठीने सोडवली असती. यासाठी नवीन पुस्तक आणू नकोस, एक वही घाल. डाव्या पानावर चुकलेलं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली तेच मराठीत, आणि मराठीतल्या ज्या शब्दाने पाय ओढला त्याच्याखाली रेघ. उजव्या पानावर बरोबर वाक्य, आणि त्याच साच्याची तुझ्या घरातली, रस्त्यावरची तीन वाक्यं.

मालवमाती | मंगळवार, रात्री ८.५०

सर, आपल्याबद्दल आदर ठेवून असहमती नोंदवतो. मी दहा वर्षं मुलांना स्पर्धा परीक्षांचं इंग्रजी शिकवतोय. ३० प्रश्न, २० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४० सेकंद. प्रत्येक वाक्य मराठीत म्हणत बसली तर दहा प्रश्नही होणार नाहीत. आपली मुलं इंग्रजीत मागे पडतात ती याच भाषांतराच्या सवयीने. इंग्रजी इंग्रजीतच वाचायला शिकलं पाहिजे, कान तयार झाला पाहिजे. विभक्ती प्रत्ययांच्या बाबतीत तर मराठीचा आधार घेणं घातकच. "त्याच्याशी लग्न" म्हणून मॅरिड विथ, "माझ्यावर रागावला" म्हणून अँग्री ऑन, "यशाबद्दल अभिनंदन" म्हणून काँग्रॅच्युलेट फॉर. आणि मग "वर अवलंबून" ला डिपेन्ड ऑन बरोबर निघतं, त्यामुळे मुलाला वाटतं युक्ती चालते.

रामबागकर | मंगळवार, रात्री ९.३०

वहीचं काम घरचं आहे, परीक्षेतलं नाही. तिथे ४० सेकंदांत मराठी आठवायची वेळ येऊ नये म्हणूनच घरी ती बाहेर काढून बघायची. सहा महिने तिला "कान तयार कर" असंच सांगितलं गेलं असणार. कान तयारच आहे, पण मराठीचा. तो नेमका कुठे फसवतो हे दाखवल्याशिवाय बदलायचा कसा?

प्रत्ययांबद्दल मात्र तुमचं मान्य. तिथे मराठी अर्धा वेळ साथ देते आणि अर्धा वेळ दगा. अबोली, मॅरिड टू, अँग्री विथ, काँग्रॅच्युलेट ऑन, सुपीरिअर टू, प्रिफर टू ही जोडनावासारखी एकत्र पाठ कर, सुटी नको. आणि एंटर, रिझेम्बल, डिस्कस यांना मध्ये कोणीच चालत नाही, हेही त्यांच्या नावासकट लक्षात ठेव.

मालवमाती | मंगळवार, रात्री ९.४५

हे पटलं. एक भर घालतो, "मला समजाव" म्हणून एक्सप्लेन मी आणि "मला सुचव" म्हणून सजेस्ट मी. माझ्या वर्गात दर बॅचला पहिल्या दिवशी या दोन चुका असतातच. दोन्हीकडे मीच्या आधी टू हवा.

काउंटर_नं_४ | बुधवार, सकाळी ७.५०

बँकेत नोकरीला आहे, तिसऱ्या प्रयत्नात लागलो. व्याकरणाचं सरांनी सांगितलंच, मी गुणांचा हिशेब सांगतो. बँकेच्या पेपरात पर्याय पाच असतात. डोळे मिटून पाच उत्तरं दिली आणि सरासरीने एक लागलं, तर एक गुण येतो आणि चार चुकांचा एक जातो. हाती शून्य, वेळ गेला तो वेगळा. पण पाचांतले दोन पर्याय नक्की चूक आहेत असं कळलं आणि उरलेल्या तिनांतून एक निवडलं, तर अशा सहा प्रश्नांत दोन बरोबर येतात, चार चुकतात, निव्वळ एक गुण हातात राहतो. तेव्हा दोन पर्याय खोडता आले तरच उत्तर द्यायचं, एकही खोडता आला नाही तर पुढे जायचं. हा नियम मी कागदावर लिहून भिंतीला लावला होता.

ताई, तुमच्या ११ चुकांत आंधळ्या किती होत्या ते मोजा. सात असतील तर त्या सोडून दिल्या असत्या तरी ११ मधून एकच गुण जाऊन १० झाले असते.

आणि उतारा आधी घेऊ नका. मी चुका शोधणं, रिकाम्या जागा, वाक्यांचा क्रम हे आधी करायचो, उताऱ्याला शेवटची आठ मिनिटं. ज्यांचं वाचन चांगलं आहे त्यांनी उलट केलं तरी चालेल.

अबोली | बुधवार, दुपारी १.१५

मोजल्या दादा. आंधळ्या सहा होत्या. उताऱ्यातल्या चारही आणि दोन्ही रिकाम्या जागा.

शिकरण | बुधवार, दुपारी ४.००

माझी मुलगी बारावीला आहे, आयआयएम इंदूरच्या पाच वर्षांच्या कोर्ससाठी आयपीमॅटची तयारी करते. तिथे इंग्रजीचे ४५ प्रश्न, ४० मिनिटं. राऊच्या टेकडीवरचं ते कॅम्पस आम्ही रोज येता-जाता बघतो, त्यामुळे तिच्या डोक्यातून ते जातच नाही.

शब्दांबद्दल लिहिते. मी संस्कृत घेऊन एम.ए. केलंय, इंग्रजी माझं बेताचंच. पण तिच्याबरोबर बसताना लक्षात आलं की निम्मे शब्द ओळखीचे निघतात. दंत आणि डेंटल. पद आणि पेडल, पेडेस्ट्रियन. मृत आणि मॉर्टल, मॉर्च्युरी. नव आणि नॉव्हेल, इनोव्हेट. मध्य आणि मीडियन, मीडिएट. स्था आणि स्टेबल, स्टेशन. दान आणि डोनेट. ज्ञा आणि इग्नोरन्स, कॉग्निशन. हे योगायोगाने सारखे दिसणारे शब्द नाहीत, एकाच आजीची नातवंडं आहेत. संस्कृत, लॅटिन, ग्रीक एका कुळातल्या भाषा, आणि इंग्रजीने जड शब्द लॅटिन-ग्रीकमधून घेतलेले. तिला मॉर्टल कळला की इमॉर्टल, मॉर्टॅलिटी, मॉर्टिफाय यांचं दार किलकिलं होतं. मॉर्टिफाय म्हणजे लाजेने मेल्यासारखं करणं, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "आई, हे तर मराठीच आहे."

मोबाइल न देता वाचायला बसवायचं म्हणून आम्ही रविवारी रीगलजवळच्या अहिल्या लायब्ररीत जातो. इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख ती वाचते आणि मला मराठीत सांगते. मला कळलं नाही तर पुन्हा सांगावं लागतं. त्यात तिला बरोबर दिसतं की कुठला परिच्छेद तिने नुसता डोळ्यांखालून घातला होता.

रामबागकर | बुधवार, सायंकाळी ६.४०

शिकरणताई, फार चांगलं. फक्त सारखं दिसलं म्हणून नातं जोडू नये. डिव्हाइन आणि देव यांचं नातं खरं, पण थिऑलॉजीतला थिऑस अर्थाने देव असूनही आपल्या देवाचा नातलग नाही. शंका आली की शब्दकोशात व्युत्पत्ती बघावी.

अबोली, तुझी ५० शब्दांची रजिस्टरं बंद. दिवसाला सहा शब्द, पण ज्या वाक्यात भेटले त्या वाक्यासकट. मिटिगेट एकटा लिहू नकोस. "पुराचा फटका कमी करण्यासाठी" अशा वाक्यात तो भेटला ना, मग ते वाक्य लिही. मिटिगेट नेहमी काहीतरी वाईट गोष्ट कमी करतो, आनंद मिटिगेट होत नाही. यादीतला "कमी करणे" हा अर्थ तुला हे कधीच सांगणार नाही, आणि रिकाम्या जागेत विचारतात ते नेमकं हेच.

पाटनीपुऱ्याचा | बुधवार, रात्री ९.००

आणि ताई, इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाठ करू नकोस. मी खजुरी बाजारातून जुनं पुस्तक आणलं होतं, त्यात आधीच्या कोणीतरी सगळे उच्चार देवनागरीत लिहून ठेवले होते. तेच पाठ केले. मुख्याध्यापकवाला प्रिन्सिपल आणि तत्त्ववाला प्रिन्सिपल देवनागरीत एकच दिसतात, स्पेलिंग वेगळं. दोन वेळा त्यातच गुण गेले. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल यांतही माझा घोळ व्हायचा. पहिला अर्थव्यवस्थेचा, दुसरा काटकसरीचा. मी आता अशा शब्दांच्या जोड्या रोमन लिपीत हाताने लिहितो.

अबोली | शनिवार, रात्री १०.००

तीन दिवस वही केली. १७ चुका झाल्या, त्यातल्या पाच जरी-तरीच्या बहिणी आहेत. हे दिसल्यावर खरंच बरं वाटलं. मला आजवर वाटायचं माझ्या चुका शेकडो प्रकारच्या आहेत.

पण उतारा अजून तसाच. शब्द कळतात, वाक्यं कळतात आणि शेवटी प्रश्न आला की दोन पर्याय सारखेच बरोबर वाटतात.

रामबागकर | रविवार, सकाळी ११.००

तुझ्यासाठी एक छोटा उतारा रात्री इंग्रजीत लिहिला आणि तुला निरोपातून पाठवला. इतरांसाठी त्याचा आशय: इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपांनी चढवून आणावं लागतं आणि त्याला वीज लागते. यशवंत सागर, बिलावलीसारखे तलाव शहराजवळ आहेत. जुन्या वस्त्यांत विहिरी आहेत, त्यांतल्या अनेक बुजल्या. शेवटचं वाक्य असं: "फ्यू कॉलनीज हॅव टेकन रेनवॉटर हार्व्हेस्टिंग सीरियसली."

प्रश्न: लेखकाला काय सुचवायचंय? पर्याय असे. एक, नर्मदेचं पाणी आणणं बंद करावं. दोन, शहराने जवळचे स्रोतही सांभाळावेत. तीन, काही कॉलन्यांनी पावसाचं पाणी साठवून चांगला आदर्श घातला आहे. चार, सगळ्या विहिरी पुन्हा उघडल्या तरच पाणीप्रश्न सुटेल. पाच, विजेचे दर कमी करावेत.

काय निवडशील आणि का?

अबोली | रविवार, दुपारी १२.२०

दोन आणि तीनमध्ये अडकले. तीन निवडला. शेवटी लिहिलंय ना, काही कॉलन्यांनी मनावर घेतलंय.

रामबागकर | रविवार, दुपारी १.००

इथेच बघ. तू "काही" वाचलंस. तिथे "अ फ्यू" असतं तर "काही" झालं असतं. फक्त "फ्यू" आहे, म्हणजे "फार थोड्या, जवळजवळ कोणीच नाही". एका अक्षराचा अ गळला की कौतुकाचं वाक्य तक्रारीचं होतं. लिटल आणि अ लिटलचंही तसंच. मराठीत आपण "काही"ला असा एवढासा शब्द लावून अर्थ फिरवत नाही. "काहींनी केलं" आणि "फार थोड्यांनी केलं" अशी वेगळी वाक्यं करतो. म्हणून तो अ आपल्या डोळ्यांतून निसटतो. मुलं म्हणतात, आर्टिकल (अ, ॲन, द) हा दोन गुणांचा विषय, नाही जमला तरी चालेल. इथे त्याने उताऱ्याचं पारडं फिरवलं.

आता बाकीचे पर्याय. पहिला लेखकाच्या पुढे धावतो, बंद करा असं तो कुठे म्हणाला? चौथ्यात "सगळ्या" आणि "तरच" आहेत. उताऱ्यात "अनेक" होतं. ऑल, ओन्ली, नेव्हर, ऑल्वेज हे शब्द पर्यायात दिसले की उताऱ्यात तेवढं ठाम विधान आहे का ते शोधायचं, नसेल तर खोडायचं. पाचव्यात विजेचा उल्लेख ओळखीचा वाटतो, पण दर कोणी काढले? ओळखीचा शब्द घालून फसवणारा पर्याय बऱ्याच प्रश्नांत असतो.

यापुढे एक काम कर. परिच्छेद वाचून झाला की समासात मराठीत फक्त पाच-सहा शब्द लिही. भाषांतर नको, लेखकाने तिथे काय केलं ते लिही: "लांबून आणणं महाग", "जवळचं सोडून दिलंय", "लोकांना फिकीर नाही". तीन परिच्छेदांच्या तीन ओळी वरून खाली वाचल्यास की दुसरा पर्याय आपोआप समोर येतो. सुरुवातीला हळू होईल. एका उताऱ्याला २० मिनिटं लागली तरी घड्याळ लावू नकोस. पंधरा उतारे असे झाले की मग घड्याळ.

मालवमाती | रविवार, दुपारी २.३०

सरांनी ज्या पद्धतीने मराठी वापरली ती मला पटली, हे मोकळेपणाने सांगतो. मी मराठीला वर्गातून बाहेरच ठेवत होतो. उद्यापासून समासातल्या ओळी माझ्या बॅचला करायला लावेन, ज्याची घरची भाषा हिंदी त्याने हिंदीत.

यात एक जोडतो. बट, हाउएव्हर, यट, नेव्हरदलेस या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल कर. लेखकाचं मत बहुतेकदा त्यांच्या नंतर असतं, आधी दुसऱ्यांचं मत असतं. मुलं दुसऱ्यांचंच मत लेखकाचं समजून उत्तर देतात.

शिकरण | रविवार, रात्री ९.००

मुलीला तोच उतारा सांगितला. तिनेही तीनच निवडला! मग दोघींनी बसून वर्तमानपत्रात फ्यू आणि अ फ्यू शोधले. एका पानावर तीन सापडले.

अबोली | सात आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ८.१५

मध्ये गप्प होते, पण काम चालू होतं. आजची मॉक: १९ सोडवले, १५ बरोबर, ४ चूक. १५ मधून एक गेला, १४ राहिले. आधीपेक्षा तीन प्रश्न कमी सोडवले आणि पावणेसहा गुण जास्त आले. दादा, चारपैकी एकही आंधळी नाही, चारही ठिकाणी दोन पर्याय खोडले होते.

वहीत ६३ चुका झाल्या आहेत. जरी-तरीवाली शेवटची चूक २४ व्या क्रमांकाला, त्यानंतर नाही. अन्टिलवाली नाही. पासूनवाली एकदा झाली, तीही घाईत. उतारे २१ झाले. सोळाव्यापासून घड्याळ लावलं, आता नऊ मिनिटांत होतो. समासातल्या ओळी हल्ली लिहिल्या नाहीत तरी डोक्यात तयार होतात.

आर्टिकल मात्र जिथे होतं तिथेच आहे. सर, शेवटच्या २० चुकांत ११ त्याच आहेत. मराठीत म्हणून बघितलं तर तिथे काहीच सापडत नाही, कारण आपल्याकडे तो शब्दच नाही. काल "नर्मदा इज द लाइफलाइन ऑफ इंदूर" यात चूक शोधायची होती. मी लाइफलाइनच्या आधीचा द चूक धरला.

रामबागकर | शुक्रवार, रात्री ९.०५

शाब्बास. १४ वाचून घरात सगळ्यांना सांगितलं.

आर्टिकलसाठी मराठीत "तो/ती/ते" आणि "एक/कुठलातरी" हे शब्द घालून बघ. "मी दुकानात गेले" हे वाक्य घे. "त्या दुकानात", जे तुला-मला माहीत आहे, तर द. "कुठल्यातरी दुकानात", तर अ. वाक्यात आपण हे शब्द बोलत नाही, पण मनात ते असतातच. तुझ्या ११ पैकी निम्म्या तरी यात बसतील. उरलेल्या भूगोलाच्या असतील, त्या पाठच कराव्या लागतात. नद्यांच्या नावाआधी द येतो, म्हणून "द नर्मदा", चूक तिथे होती. शहराच्या नावाआधी येत नाही, म्हणून इंदूर नुसतं. समुद्र आणि पर्वतरांगांना द. एकट्या शिखराला नाही, एकट्या तलावाला नाही.

त्या ११ चुका उद्या इथे टाक. तीच पद्धत, तुला काय बरोबर वाटलं आणि का.

अबोली | शुक्रवार, रात्री ९.२०

टाकते सर. आणि तुमची हरकत नसेल तर रविवारी सकाळी वही घेऊन रामबागेत येऊ का? शिकरणकाकू, लायब्ररीत तुमच्याबरोबर मीही बसले तर चालेल का?

शिकरण | शुक्रवार, रात्री ९.३०

अगं, ये की! साडेदहाला रीगलच्या बाजूला भेटू. सरांकडे त्याआधी जाऊन ये.

रामबागकर | शुक्रवार, रात्री ९.४०

नऊला ये. पोहे करायला सांगतो. ६३ चुकांची वही आण, आणि ती दोन जुनी रजिस्टरंही. त्यातले कुठले शब्द तुला या सात आठवड्यांत वाचताना खरोखर भेटले, ते बघू.